ध्यानाला बसण्याआधी शरीर मोकळं करणाऱ्या हालचाली: गुडघा, खुबा, कंबर (अनुभव हवेत)

गोदाकाठची | ३ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४७, बँकेत नोकरी म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्चीत, बाकी मोठा आजार काही नाही. जानेवारीत गोएंका गुरुजींच्या पद्धतीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं. मनाला जे मिळालं त्याबद्दल आयुष्यभर ऋणी राहीन, पण शरीराची तयारी शून्य होती हे दुसऱ्याच दिवशी कळलं. पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक, मधल्या सुट्ट्या धरून रात्री नऊपर्यंत, दिवसाला साधारण १० तास बसणं होतं. उजवा गुडघा आतल्या बाजूने ठणकायला लागला, कंबर गोल होऊन पुढे पोक यायचं, आणि डावा पाय तर पंधरा मिनिटांत बधिर. चौथ्या दिवसापासून अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात, एक तास डोळे उघडायचे नाहीत, हात सोडायचे नाहीत, पाय हलवायचे नाहीत, दिवसातून तीनदा. पहिल्या बैठकीला मी वीस मिनिटांत पाय सोडले आणि मग नुसतं रडू येत राहिलं. सहाव्या दिवशी खुर्ची मागितली, लगेच मिळाली, पुढचे दिवस चांगले गेले. पण घरी आल्यावरही तीन आठवडे जिना उतरताना गुडघा बोलत होता.

आता सप्टेंबरमध्ये परत जायचंय. हातात तीन महिने आहेत. पद्मासन वगैरे काही नकोय, साधी मांडी घालून तासभर शांत बसता यावं एवढंच. आमच्या भागातल्या एका योगा क्लासला गेले तर तिथे फुलपाखरू (तळवे जुळवून, गुडघे बाहेर टाकून बसायचं ते आसन) करताना शिकवणाऱ्यांनी मागून दोन्ही मांड्यांवर दाब दिला, चार दिवस जांघ धरली, तो नाद सोडला. घरच्या घरी, हळूहळू, वीसेक मिनिटांत करता येईल असं काही कोणी करतं का? प्लीज सविस्तर लिहा.

पहाटचहा | ३ जून, रात्री १०:५०

ताई, हालचालींचं जाणकार सांगतीलच, पण त्याच्याआधी उद्या सकाळी एक बघा. मांडी घालून बसा आणि कोणाला तरी बाजूने फोटो काढायला सांगा. गुडघे जांघेच्या वर आहेत का खाली? वर असतील तर तुमची बैठक कमी उंचीची आहे. कंबर मागे कलंडणार, पोक येणार, मग ताठ बसायला पाठीचे स्नायू तासभर राबणार, कोण टिकेल? मी पहिली दोन वर्षं पातळ आसनावर बसून पाठीला दोष देत होतो. मग घरातली जुनी गोधडी चौपदरी घडी करून घेतली, त्यावर एक कडक उशी, असं साधारण एक वीत उंच झालं आणि बसायचं फक्त पुढच्या निम्म्या भागावर. पहिल्याच दिवशी फरक. मऊ फोमची उशी घेऊ नका, ती दबते आणि दहा मिनिटांत तुम्ही परत जमिनीवर.

फिजिओ_कोथरूड | ४ जून, सकाळी ७:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, १९ वर्षं झाली. इथे तपासल्याशिवाय कोणाला उपचार सांगणार नाही, पण गोष्ट कशी चालते ते सांगते, कारण ती कळली की निम्म्या चुका आपोआप थांबतात.

शाळेत शिकलेलं आठवा, गुडघा म्हणजे बिजागरीचा सांधा आणि खुबा म्हणजे उखळीचा सांधा. बिजागरी दारासारखी एकाच दिशेला उघडमीट करते (गुडघा वाकलेला असताना किंचित वळतो, पण किंचितच). उखळी मात्र सगळीकडे फिरते. मांडी घालताना मांडीचं हाड खुब्यातून बाहेरच्या बाजूला वळायला हवं. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून खुब्याभोवतीचे स्नायू आखडलेले असले की ते वळत नाही, पण आपण तर पाय ओढून मांडी घालतोच, मग उरलेला पीळ जातो कुठे, तर गुडघ्यात. म्हणून दुखतो गुडघा आणि बिघाड असतो खुब्याचा. गुडघा ताणून, दाबून, त्यावर वजन टाकून मांडी कधीच सुधारत नाही, त्या क्लासमध्ये जे झालं ते म्हणूनच चुकीचं होतं.

दुसरं, खुब्याच्या खोबणीची खोली आणि दिशा प्रत्येकाची जन्मतः वेगळी असते. दोन बहिणींत एकीची मांडी जमिनीला टेकते, दुसरीची आयुष्यभर चार बोटं वर राहते, त्यात आळस किंवा पाप काही नाही. हाडाला हाड लागलं की स्नायू ताणून उपयोग नसतो. तिथे गुडघ्याखाली उशी सरकवायची आणि पुढे जायचं.

पाय बधिर होतो तो मुख्यतः नसेवर दाब आल्यामुळे. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, एक हाडाची गाठ हाताला लागते, तिथून एक नस अगदी कातडीजवळून जाते. तिथे दुसऱ्या पायाचा घोटा किंवा जमीन टोचली की पाऊल झोपतं. दुसरा दाब बुडाखाली, कडक कडेवर बसल्याने. म्हणून पाय एकमेकांवर चढवू नका, एकापुढे एक जमिनीवर ठेवा आणि खाली सतरंजी जाड घ्या. आणि उठताना घाई करू नका, बधिर पायावर उभं राहून घोटा मुरगळलेले पेशंट मी पाहिलेत.

गोदाकाठची | ४ जून, दुपारी १:३५

बापरे, किती नीट समजावलंत मॅडम. लंच टाइममध्ये वाचलं आणि खुर्चीतच गुडघा फिरवून बघितला, उजवा खुबा खरंच जाम आहे, डाव्याच्या निम्मासुद्धा वळत नाही! आणि पहाटचहा, फोटो काढला मुलाकडून, गुडघे टणाटण वर आहेत.

सह्यवारा | ४ जून, रात्री ९:०५

मी रोज करतो ते लिहितो. मूळ मुंगेरच्या (बिहार योग विद्यालयाच्या) पद्धतीतल्या पवनमुक्तासनाच्या मालिकेचं आहे, पायाच्या बोटांपासून सुरू करून एकेक सांधा वर वर मोकळा करत जायचा, त्यात मी माझ्या पाठीला झेपेल तसे बदल केलेत. सगळं सतरंजीवर, रिकाम्या पोटी, सकाळी अंग कडक असतं म्हणून गरम पाण्याची अंघोळ झाल्यावर.

आधी पाय लांब करून बसायचं, हात मागे टेकून. पायाची बोटं मिटायची-उघडायची, मग पाऊल पुढे-मागे, मग घोटा गोल, दोन्हीकडून दहा-दहा वेळा. हे फालतू वाटतं म्हणून लोक सोडतात, पण मांडीत खालच्या पायाचा घोटा तासभर जमिनीवर बाहेरच्या अंगाला दाबलेला असतो, तो कडक असेल तर तिथेच कळ सुरू होते. मग पाठीवर झोपायचं. एक गुडघा हाताने धरून छातीकडे, दुसरा पाय वाकवून पाऊल जमिनीवर. आता त्या गुडघ्याने छतावर एक गोल काढायचा. आधी वाटीएवढा. पाच-सहा गोल झाले की ताटलीएवढा, मग परातीएवढा, पण जिथे अडकतं तिथे जोर न लावता गोल लहान करून तेवढा भाग शंभर टक्के मऊ करायचा. माझ्या मते बैठकीसाठी एकच हालचाल करायची असेल तर ही करा, खुब्याला हेच हवं असतं.

त्यानंतर दोन्ही पाऊलं जमिनीवर खांद्यांपेक्षा जास्त अंतरावर ठेवून दोन्ही गुडघे एकदा उजवीकडे एकदा डावीकडे सोडायचे, गाडीच्या वायपरसारखे, श्वास सोडताना खाली, घेताना वर. मग उजवा घोटा डाव्या मांडीवर गुडघ्याच्या जरा अलीकडे ठेवून डावी मांडी हाताने जवळ घ्यायची, बुडाच्या खोल आत ताण येतो. गुडघ्यात काहीही जाणवलं तर मांडी लांब सोडा. मग ओढणी किंवा पंचा तळव्याला अडकवून एक पाय वर, गुडघा थोडा वाकला तरी चालेल, मागची शीर ओरबाडल्यासारखी वाटायला नको. शेवटी हात-गुडघ्यांवर येऊन मार्जारासन, पाठ वर-खाली, श्वासाबरोबर, आणि तिथूनच हळूच बुड टाचांकडे मागे. बस. १८ ते २० मिनिटं.

फुलपाखराबद्दल माझं स्पष्ट मत, पंख फडफडवू नका. तळवे जुळवून, गोधडीवर उंच बसून, दोन्ही गुडघ्यांखाली उशा देऊन नुसतं बसून राहा तीन-चार मिनिटं. गुडघा अधांतरी लोंबकळत असला की जांघ घाबरून घट्ट धरते, खाली आधार मिळाला की सोडते.

संथपाणी | ५ जून, सकाळी ६:१५

माझी २२ वर्षांची साधना आहे, अनेक शिबिरांत सेवाही दिली. सगळ्यांचा आदर ठेवून थोडं वेगळं सांगतो. वेदना आली की उशी बदल, पाय बदल, हे करत राहिलं तर अधिष्ठानाचा उद्देशच राहत नाही. वेदना उठते, राहते, जाते, तिच्याकडे समतेने बघायचं, हीच तर तालीम आहे. मलाही पहिल्या शिबिरात आग लागल्यासारखे गुडघे जळत होते, सातव्या दिवशी एका बैठकीत ती जळजळ डोळ्यांदेखत विरघळली, आणि त्या तासाने माझं पुढचं आयुष्य बदललं. त्यामुळे तयारी जरूर करा पण सगळं सुखाचं करून मगच बसेन असं मनात ठेवू नका.

दुसरं महत्त्वाचं. शिबिरात दहा दिवस योगासनं, व्यायाम करायची परवानगी नसते. गुरुजींचा आसनांना विरोध नाही, शिबिराच्या जागी त्यासाठी वेगळी आडोशाची सोय नसते म्हणून तेवढे दिवस थांबवायला सांगतात. ठरवून दिलेल्या जागेत चालता मात्र येतं. तेव्हा जे काही करायचं ते आधीच्या तीन महिन्यांत.

फिजिओ_कोथरूड | ५ जून, सकाळी ८:४०

काका, तुमच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर आहे आणि तालमीचं पटतंही. फक्त दोन दुखण्यांत फरक करायला हवा. पाय सोडून, उठून चार पावलं चाललं की पाच-दहा मिनिटांत जे निघून जातं ते तुम्ही म्हणता तसं बघत राहण्याजोगं. पण जे दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तिथेच आहे, गुडघ्याच्या आत सुईसारखं टोचतं, सूज येते, गुडघा अडकतो किंवा कमरेतून पोटरीपर्यंत कळ जाते, ते शरीर इजा झाल्याचं सांगतंय. ताईंचा गुडघा तीन आठवडे दुखला म्हणजे तो दुसऱ्या जातीचा होता. माझ्याकडे असे लोक येतात ज्यांनी श्रद्धेने गुडघा बिघडवून घेतलाय, अतिशय वाईट वाटतं.

पतंजलींनीही आसनाला स्थिर आणि सुख असे दोन शब्द लावलेत, आणि लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न सैल करण्याबद्दल सांगितलंय. मी ते क्लिनिकच्या भिंतीवर लावलंय.

संथपाणी | ५ जून, दुपारी १२:१०

जिन्याची खूण चांगली आहे, नवीन साधकांना मीही सांगत जाईन. मान्य.

जुनी_गोधडी | ५ जून, दुपारी ४:२५

माझ्या आईबद्दल लिहायचा मोह होतोय. वय ८१, अजून जमिनीवर बसते, गुडघे ठणठणीत. मी गावी गेले की तिला नुसतं बघत बसते आणि हल्ली लक्षात आलं की ती एका जागी एकसारखी कधीच बसत नाही. विळीवर बसताना एक मांडी पाटावर घडी केलेली आणि दुसरा गुडघा उभा. शेंगा फोडताना पाय लांब. भाजी निवडताना मांडी, मग पाच मिनिटांनी एक पाय बाहेर. चुलीपुढे पाटावर, अंगणात उकिडवी. उठताना कधी हात टेकून, कधी नुसती पुढे झुकून. दिवसातून तीस-चाळीस वेळा तरी खाली-वर होत असेल! म्हणजे जी हालचाल आपण सतरंजी अंथरून वेगळी करतो ती तिच्या स्वयंपाकघरातच होती. आपण डायनिंग टेबल, कमोड आणि सोफा घेतला आणि मग एकदम दहा दिवस जमिनीवर बसायला जातो, शरीर कसं ऐकेल.

तर माझी सूचना अशी की वीस मिनिटांच्या व्यायामाबरोबरच घरातली कामं जमिनीवर आणा. मी संध्याकाळचं जेवण खाली बसून करते, कपड्यांच्या घड्या खाली बसून, फोनवर बोलतानाही खाली, आणि बसायची पद्धत मुद्दाम बदलत राहते. आठ महिन्यांत मला ध्यानात जो फरक पडला तो कोणत्याही आसनाने पडला नव्हता.

सह्यवारा | ५ जून, रात्री ८:३०

जुनी गोधडी, काय सुंदर निरीक्षण आहे! विळीची बैठक म्हणजे दोन्ही खुबे दोन वेगळ्या दिशांना, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. उद्यापासून मी भाजी खाली बसून चिरणार.

मांडवीपार | ६ जून, सकाळी ११:००

मी पणजीहून. माझा डावा खुबा तीन वर्षांपूर्वी बदललाय, वय ६६. मांडी घालू नका असं सर्जननी सांगितलंय. ध्यान आवडतं पण असे धागे वाचले की वाटतं आपलं राहूनच गेलं. खुर्चीवाल्यांसाठी कोणी काही लिहील काय?

पुणेरी_पट्टा | ६ जून, दुपारी ३:४०

मांडवीपार काका, बिलकुल राहून गेलं नाही. मी पुण्यात अय्यंगार पद्धतीने शिकते, तिथे खुर्ची, पट्टा, ब्लँकेट, लोड हे सगळं आसनाचाच भाग मानतात. कमीपणा कसला त्यात.

खुर्ची लाकडी, सपाट, चाकं नसलेली घ्या. पाठीला टेकायचं नाही, पुढच्या निम्म्या भागावर बसायचं. बुडाच्या मागच्या कडेखाली टॉवेलची घडी, म्हणजे कंबर आपोआप पुढे येते. तुमच्या बाबतीत खुबा गुडघ्यापेक्षा वर राहील एवढी उंची हवीच, ऑपरेशननंतर बहुतेक हेच सांगतात, तरी तुमच्या सर्जनना विचारून ठरवा. पाऊलं जमिनीला पूर्ण टेकायला हवीत, नाही टेकली तर खाली पाट ठेवा. बसण्याआधी खुर्चीतच टाचा वर-खाली, चवडे वर-खाली, खांदे कानाकडे उचलून श्वास सोडत खाली, मान हळू उजवीकडे-डावीकडे (गोल फिरवू नका), हात वर करून बगला मोकळ्या करा.

आणि ही पुढची गोष्ट मांडीवाल्यांसाठीसुद्धा, कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय. हात कुठे ठेवता ते बघा. हात गुडघ्यांवर ताणून ठेवले की त्यांचं वजन खांदे पुढे ओढतं आणि अर्ध्या तासाने खांद्याच्या पाठीमागे खिळा मारल्यासारखं होतं. मांडीत शाल किंवा पंचाची घडी ठेवा आणि त्यावर हात, बेंबीच्या जरा खाली. माझा सहा वर्षांचा खांद्याचा त्रास एका शालीने गेला.

मांडवीपार | ६ जून, संध्याकाळी ६:२०

देव बरें करूं बाय! आज पाट खाली घेऊन बसलो, ४० मिनिटं.

स्टुटगार्टकर | ७ जून, रात्री १:१५

इकडे जर्मनीत मी दोन वर्षं फेल्डेनक्राइस पद्धतीच्या वर्गाला जातोय, त्याबद्दल थोडं. मोशे फेल्डेनक्राइस हे मूळचे भौतिकशास्त्राचे, जूदोतही पुढे गेलेले, स्वतःचा गुडघा दुखावलेला, त्यातून त्यांनी हालचाली शिकवायची ही रीत बसवली. त्यात ताणणं असं जवळजवळ नाहीच. हालचाल इतकी लहान आणि इतकी सावकाश करायची की बाहेरून बघणाऱ्याला कळूही नये, आणि दर दोन-तीन मिनिटांनी थांबून उजवं-डावं जमिनीवर कसं टेकलंय ते बघायचं.

बैठकीसाठी मला सर्वात उपयोगी पडलेली एक सांगतो. तुमच्या उशीवर मांडी घालून बसा. खाली दोन्ही बाजूंना बसायची दोन हाडं जाणवतात, नाही जाणवली तर हात घालून शोधा. आता त्या हाडांवर पुढे-मागे डोला. मागे गेलात की माकडहाडाकडे वजन, पोक येतं, हनुवटी वर जाते. पुढे गेलात की कमरेला खोलगट, छाती उघडते. वीसेक वेळा करा, प्रत्येक वेळी डोलणं थोडं कमी करत जा. बोटभर, मग अर्धं बोट, मग तांदळाच्या दाण्याएवढं. एका ठिकाणी ते आपसूक थांबतं, आणि तिथे कणा कोणीही न धरता उभा असतो. मग तसंच उजवीकडे-डावीकडे, मग गोल. मला आधी ताठ बस म्हटलं की मी छाती पुढे काढून बसायचो आणि दहा मिनिटांत कंबर धरायची. आता ताठ बसतच नाही, ते थांबण्याचं ठिकाण शोधतो. यात आणि ध्यानात मला तरी रेष काढता येत नाही, जे लक्ष श्वासावर ठेवतो तेच इथे हाडांवर असतं.

गोदाकाठची | ७ जून, सकाळी ७:०५

हे आत्ता करून बघितलं. डोळ्यांत पाणी आलं, का ते सांगता येत नाही. इतकी वर्षं पाठ धरून ठेवली होती आणि ती धरायची गरजच नव्हती.

मंडळी, मी सह्यवारांचे गोल + स्टुटगार्टकरांचं डोलणं + जेवण खाली, असं आजपासून सुरू करते. मॅडम, बसण्याची वेळ कशी वाढवू?

फिजिओ_कोथरूड | ७ जून, सकाळी ९:३०

पहिल्या आठवड्यात १५ मिनिटं, सकाळ-संध्याकाळ. मग आठवड्याला पाच मिनिटं वाढवा, त्याहून घाई नको. जिन्याची परीक्षा रोज. दुसऱ्या दिवशी गुडघा बोलला तर मागच्या वेळेवर परत या. आणि मांडीत पुढचा पाय कोणता ते रोज बदला, बहुतेक लोक आयुष्यभर एकच पाय पुढे घेतात.

गुडघा पूर्ण मिटल्यावर मागे खूप दाब वाटत असेल तर पंचाची बारीक गुंडाळी गुडघ्याच्या मागच्या खोबणीत ठेवून मग मांडी घाला, थोडी जागा मिळते. दुखायला लागलं तर काढा. आणि जानेवारीचा त्रास पुन्हा जाणवला तर एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या, फोरमवर अंदाज बांधत बसू नका.

आडवाटेचा | २१ जून, रात्री ९:४८

धागा वर आणतोय. मागच्या महिन्यात शिबिर करून आलो, आठ आठवडे आधी अशीच तयारी केली होती, म्हणून तिथे प्रत्यक्षात काय जमतं ते सांगतो. व्यायाम नाहीच करायचा, संथपाणी म्हणाले ते बरोबर, आणि नियम पाळण्यातच शांती आहे. पण चालणं भरपूर मिळतं. न्याहारीनंतर आणि पाचच्या चहानंतर मी पळत जाऊन पडायचो नाही, अर्धा तास हळू चालायचो, टाच-चवडा-बोटं असं पाऊल पूर्ण वापरत. दुपारी १२ ते १ विश्रांतीत पाठीवर झोपून पोटऱ्या पलंगाच्या कडेवर ठेवायचो, कंबर सुटते. बैठक संपल्याची सूचना झाली की सगळे धडपडत उठतात. मी पाय लांब करून एक मिनिट तसाच, मग कुशीवर होऊन हाताने ढकलून उठायचो.

उशा पहिल्याच दिवशी नीट निवडून ठेवा, तिथे असतात, पण तुमची नेहमीची उंची किती हे घरूनच बोटांनी मोजून जा. माझी दहा बोटं. आणि त्रास झालाच तर दुपारी आचार्यांना भेटायची वेळ असते तेव्हा सांगा, मी चौथ्या दिवशी सांगितलं, पाठीला आधार मिळाला दोन दिवस.

संथपाणी | २२ जून, सकाळी ५:५०

साधू साधू. पावसाळ्यात इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात जाणाऱ्यांनी मोजे आणि गुडघ्यांवर टाकायला जाड शाल न्यावी. सह्याद्रीतला तो गारठा आणि दमट हवा सांध्यात शिरते, पहाटेच्या बैठकीत गार गुडघा जास्त दुखतो. ऊब असली की निम्मं काम होतं.

गोदाकाठची | २४ सप्टेंबर, रात्री ८:१५

परत आले! सगळ्यांना आधी नमस्कार.

मुद्दाम लगेच लिहिलं नाही, जिन्याची परीक्षा एक आठवडा घेऊन मग लिहायचं ठरवलं होतं. आज नववा दिवस, गुडघा शांत आहे.

तीन महिन्यांत सगळं सरळ झालं असं नाही. जुलैमध्ये उत्साहात एकदम ४५ मिनिटांवर गेले आणि उजवी जांघ पुन्हा धरली, आठ दिवस फक्त घोटे आणि वाटीएवढे गोल करत होते. ऑगस्टमध्ये सासूबाई आजारी होत्या तेव्हा व्यायाम जवळजवळ बंद, पण त्यांच्या पलंगाशेजारी खाली बसून राहायचे, कधी एक गुडघा उभा, कधी पाय लांब, जुनी गोधडी यांची आई डोळ्यासमोर असायची. बहुतेक त्याच महिन्यात खुबा सुटला. उजवा गुडघा अजूनही तीन बोटं वर राहतो, खाली घडी घालते आणि त्याच्याशी भांडत नाही.

शिबिरात पहिले तीन दिवस कंबर दुखली, मग बैठकीआधी ते डोलणं मनातल्या मनात, दाण्याएवढं, करत गेले. अधिष्ठानाच्या पहिल्या बैठकीत चाळीस मिनिटांनंतर जळजळ सुरू झाली, उजव्या मांडीत, गुडघ्यात नाही. ही जिना उतरताना राहणारी नाही हे पक्कं माहीत होतं, म्हणून भीती नव्हती, आणि भीती नव्हती म्हणून बघता आलं. संथपाणी काका, तुम्ही लिहिलं होतं ना विरघळते म्हणून, पूर्ण विरघळली नाही, पण तिच्या कडा मऊ झाल्या. दहा दिवसांतल्या बहुतेक अधिष्ठान बैठका पूर्ण तास झाल्या, तीनदा पाय सोडले.

माझी उंची नऊ बोटं, कोणाला हवी असेल तर.

संथपाणी | २५ सप्टेंबर, सकाळी ६:००

वाचून फार आनंद झाला ताई. तीनदा सोडले ते मनात ठेवू नका. मंगल हो.

मांडवीपार | २५ सप्टेंबर, सकाळी १०:३०

अभिनंदन! मी खुर्चीत आता एक तास बसतो. पाटाऐवजी जुना ग्रामोफोनचा खोका पायाखाली घेतलाय, उंची अगदी बरोबर.

नवीन_पान | २५ सप्टेंबर, रात्री ११:२०

सगळा धागा एका बसणीत वाचला, तोही सोफ्यावर पाय दुमडून. गरोदरपणात, सहावा महिना, यातलं काय चालेल? पाठीवर झोपून करायचं बहुतेक सोडावं लागेल ना?

फिजिओ_कोथरूड | २६ सप्टेंबर, सकाळी ७:१०

हो, आता पाठीवर जास्त वेळ झोपू नका, आणि पोटावर दाब येईल असं काही नको. तुमच्या डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलंय हे धरून सांगते, मार्जारासन हात-गुडघ्यांवर, पाठ फार खाली न सोडता. उंच गोधडीवर बसून डोलणं, खुर्चीत घोटे आणि खांदे. उशांच्या आधाराने तळवे जुळवून बसणं. या दिवसांत सांधे आधीच सैल असतात, म्हणून ताणाच्या टोकाला जायचं नाही, निम्म्यावर थांबायचं. जांघेत किंवा पुढच्या हाडाशी दुखलं तर पाय फार फाकवू नका. बैठक वीस मिनिटांची ठेवा, मध्ये उठून फेरी मारा. व्यक्तिगत निरोपात तुमचे रिपोर्ट काय म्हणतात ते कळवलंत तर अजून नीट सांगता येईल.